हंडा बाईच्या डोक्यावर, तर मत कोणाचें?

(ग्रामसभेच्या आधीं भरलेल्या महिलांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षिकेनें केलेलें भाषण)

आयांनो, बायांनो, आणि पाराच्या कडेला उभ्या राहिलेल्या दादामंडळींनो,

सभा बायांची आहे, तरी पुरुषमंडळी ऐकावयास आली याचा मला आनंद वाटतो. दादांनो, उभे राहूं नका, खालीं बसा. आज बोलावयाचें आहे तें गांवच्या कामांविषयीं, आणि गांव दोघांचें आहे.

मला मोठें भाषण करतां येत नाहीं. शाळेंत पोरांना गणित शिकवितें, तेव्हां गणितानेंच आरंभ करतें. २०१९ सालीं जल जीवन मिशन सुरू झालें. त्यांत माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरापर्यंत आलें पाहिजे, असें माप धरलेलें आहे. घरांत पांच माणसें धरा. पांच वेळां पंचावन्न म्हणजे २७५ लिटर. हंडा १५ लिटरचा धरला तर अठरा हंडे भरले, वर थोडें उरलें. एका खेपेस एक डोक्यावर नि एक काखेंत असे दोन हंडे आणले, तरी नऊ खेपा झाल्या. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असली तर जाऊन-येऊन एक किलोमीटर. नऊ खेपांचे नऊ किलोमीटर, आणि त्यांतली निम्मी वाट तीस किलोंचें ओझें घेऊन. हें रोजचें. सणाला सुट्टी नाहीं, दुखण्याला रजा नाहीं.

इतकें पाणी वाहणें माणसाच्या शक्तीबाहेरचें आहे. म्हणून ज्या घरीं नळ नाहीं तें घर २७५ लिटर वापरीतच नाहीं, शंभर-सव्वाशेंत भागवितें. मग आंघोळ कोणाची चुकते? जनावराला पाणी आधीं, धन्याला आधीं, पोरांना आधीं. चुकते ती बाईची. हें तुम्हांला मीं सांगावयास नको.

आतां दुसरें गणित. कोणत्याही गांवच्या नळपाणी योजनेचा कागद घ्या. विहीर कोठें घ्यावयाची, टांकी कोणत्या टेकाडावर बांधावयाची, मोठा नळ कोणत्या आळीनें न्यावयाचा, पाणी सोडण्याची वेळ कोणती, हें ज्या बैठकींत ठरलें तेथें बाया किती होत्या? बहुतेक गांवांत याचें उत्तर शून्य येतें, नाहीं तर दोन, आणि त्या दोघी सही करून चहा करावयास गेलेल्या असतात. जिचें डोकें हंड्याखालीं, तिचें डोकें बैठकींत नाहीं. शाळेंतल्या पोराच्या वहींत असा हिशोब सांपडला तर मी लाल रेघ मारतें.

तुम्ही म्हणाल, बाई बैठकींत नसल्यानें काय बिघडलें? पाणी आलें म्हणजे झालें. तर ऐका. मी पूर्वीं ज्या एका गांवीं नोकरीस होतें तेथें योजनेची विहीर ओढ्याच्या वळणावर खणली. पावसाळा सरतां-सरतां पाहणी झाली, तेव्हां पाणी भरपूर दिसलें. त्या जागीं पिढ्यान् पिढ्या बाया झरा उकरीत आल्या होत्या. होळी झाली कीं तो झरा आटतो आणि वरच्या अंगाला जांभळीखालीं उकरावें लागतें, हें तेथील प्रत्येक म्हातारीला ठाऊक होतें. पाहणीच्या वेळीं त्या पन्नास पावलांवर धुणें धूत होत्या. त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि न विचारतां मोठ्या माणसांत बोलावयाची त्यांना सवय नव्हती. पुढच्या चैत्रांत विहिरीचा तळ दिसला. टांकी उभी, नळ उभे, आणि बाया पुन्हा जांभळीखालीं वाट्यानें पाणी भरूं लागल्या. त्या चैत्र-वैशाखांत माझ्या हजेरीपत्रकांत पांचवी-सहावीच्या मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या फुल्या पडल्या. मुलग्यांच्या पुढें तितक्या पडल्या नाहींत. आईच्या मदतीला लेक जाते, लेक गेला नाहीं. तेव्हां बैठकींत बाई नसल्यानें बिघडतें तें हें. सरकारचा पैसा बुडतो, गांवची वर्गणी बुडते, आणि पोरीची शाळा बुडते.

बाया गांवच्या कामांत नव्हत्याच, असें मात्र कोणी म्हणूं नये. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या आयांना आठवत असेल. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणें अशीं कामें महाराष्ट्रभर निघालीं. मे १९७३ मध्यें एका वेळीं पन्नास लाखांच्या जवळपास माणसें त्या कामांवर होतीं, आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. त्या अनुभवावरून महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. सगळ्या देशासाठीं असा कायदा २००५ सालीं झाला. त्यांत कामावरच्या माणसांत निदान एक-तृतीयांश बाया असाव्या, आणि कामावर सहा वर्षांच्या आंतलीं पांच किंवा अधिक मुलें असतील तर त्यांना सांभाळावयास एका बाईला नेमावें, असें लिहिलें होतें. हें बायांच्या कष्टांनींच मिळविलेलें आहे.

पण त्या कामांवर काय दिसलें? खोदणारा पुरुष, पाटी वाहणारी बाई, आणि जागा दाखविणारा तिसराच कोणी. तलाव कोठें बांधावयाचा हें पाटी वाहणारीला कोणी विचारलें नाहीं. तलावाचा पाझर ज्याच्या विहिरीला लागला तो बागायतदार झाला. जिनें माती वाहिली ती आठवड्याची मजुरी पदराला बांधून घरीं गेली, आणि उन्हाळ्यांत त्याच बागायतदाराच्या विहिरीवर हंडा घेऊन गेली. मजुरीचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नाहीं. पण मजुरी घेणारा आणि मालक यांत जो फरक, तोच पाटी वाहण्यांत आणि मत देण्यांत आहे.

वाटणी दुसऱ्या रीतीनें होऊं शकते, हेंही ह्याच महाराष्ट्रांत दिसलें आहे. पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं त्याच दुष्काळानंतर काम उभें केलें. त्यांतून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापानें वांटावयाचें नाहीं, माणसांच्या मोजणीनें वांटावयाचें. माणशी अर्ध्या एकराचें पाणी, आणि एका कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांचें. ऊंसासारखें पाणी पिणारें पीक घ्यावयाचें नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाहीं. ज्याला जमीन नाहीं त्यालाही पाण्याचा हक्क. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनीं स्वतः भरावयाचा.

बायांनो, ह्या नियमांतली गोम ध्यानांत घ्या. जमिनीच्या मापानें वाटणी केली तर बाईचा हिस्सा शून्य, कारण सातबाऱ्यावर तिचें नांव क्वचितच असतें. माणसांच्या मोजणीनें केली तर बाई एक, लेक एक, सासू एक. म्हणजे वाटणीचें माप कोणतें धरावयाचें, ह्या एका प्रश्नांत बाई माणूस आहे कीं नाहीं याचा निकाल लागतो. आणि माप ठरतें तें बैठकींत. म्हणून बैठकीला जावयाचें.

आतां कारागीर घरांना पटेल असा दाखला देतें. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी, गणपति बोळवून लोक झोंपले होते. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत धरणीकंप झाला. किल्लारी आणि आजूबाजूचीं गांवें पडलीं. सरकारी मोजणीप्रमाणें जवळजवळ आठ हजार माणसें गेलीं. इतकीं माणसें कां गेलीं, हें गवंड्याला विचारा. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती. त्यांत आंतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोहोंना सांधणारा आरपार दगड नाहीं. आणि वर मातीचें जड माळवद. हादरा बसतांच भिंतीचे दोन थर फाटले आणि माळवद निजलेल्यांवर आलें.

पूर्ण पडलेलीं पन्नासाहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं. पण त्यांच्या भोंवतालच्या शेंकडों गांवांत घरें तडकलेलीं होतीं, तीं दुरुस्त करून बळकट करावयाचीं होतीं. त्यासाठीं ठेकेदार नेमला नाहीं. घरमालकाला हप्त्या-हप्त्यानें मदत द्यावयाची आणि काम त्यानेंच गवंडी लावून करून घ्यावयाचें, अशी योजना झाली. आतां खेड्यांतल्या माणसाला आरपार दगड कां घालावयाचा, कोपरे कसे बांधून काढावयाचे, भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा कशासाठीं द्यावयाचा, माळवदाची माती कां कमी करावयाची, हें कोण सांगणार? हप्त्याचे कागद कोण समजावणार? इंजिनियर एक आणि गांवें पुष्कळ.

तेथें ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेनें, जी प्रेमा गोपालन यांनीं उभी केली, महिला मंडळांतल्या बायांना पुढें आणलें. गांवोगांवच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. सुमारें बारा-तेराशे गांवांत हें काम चाललें. त्यांनीं नियम शिकून घेतले, घरोघर जाऊन सांगितले, गवंड्याचें काम उभें राहून पाहिलें, आणि हप्ता अडला तर कचेरींत जाऊन विचारलें. पुढें २००१ सालीं गुजराथेंत कच्छचा भूकंप झाला, तेव्हां ह्याच भागांतल्या बाया तिकडच्या बायांना धीर देण्यास आणि शिकविण्यास गेल्या. ज्या बाईला काल कोणी घराच्या पायाविषयीं विचारीत नव्हतें, ती परराज्यांत जाऊन भिंत कशी बांधावी तें सांगूं लागली. तिची बुद्धि काल नव्हती आणि आज आली असें नव्हें. काल तिला जागा नव्हती, आज जागा मिळाली, इतकेंच.

यंत्राचें काम बाईला जमत नाहीं म्हणणाऱ्यांसाठीं आणखी एक. उत्तर प्रदेशांतील बांदा जिल्हा हा पाण्याच्या दुर्भिक्ष्याचा मुलूख. तेथें १९९० नंतरच्या वर्षांत महिला समाख्या ह्या कार्यक्रमांत गरीब, बहुतेक निरक्षर अशा बायांना हातपंप दुरुस्त करावयास शिकविलें. मोठाले पाने घेऊन पंप उघडणें, जमिनीखालचे नळ उपसून वर काढणें, झिजलेलें चामडें बदलणें, हीं कामें त्यांनीं केलीं. लिहितां येत नव्हतें म्हणून पुढें त्या लिहावयास शिकल्या. पंप बंद पडला कीं पाण्याला लांब जावें लागतें तें बाईला. म्हणून तो लौकर सुरू व्हावा ही तळमळ तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

कोणी म्हणेल, बाई, हे निवडक दाखले झाले. निवडक दाखल्यांवर मीही विसंबत नाहीं. म्हणून मोजून पाहिलेली गोष्ट सांगतें. पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानांतील उदेपूर ह्या जिल्ह्यांतील पंचायतींचा अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनीं केला. तो २००४ सालीं छापून आला. कोणत्या पंचायतीचें मुख्यपद बाईसाठीं राखीव, हें तेथें पाळीनें ठरत होतें. गांव सुधारलेलें कीं मागासलेलें हें पाहून ठरत नव्हतें. म्हणून राखीव आणि बिनराखीव गांवांची तुलना सरळ करतां आली. काय दिसलें? दोन्ही जिल्ह्यांत बायांचें मागणें पाण्याचें अधिक होतें, आणि जेथें मुख्यपदीं बाई होती तेथें पाण्याचीं कामें अधिक झालीं. बंगालमध्यें बाया रस्त्यांच्या कामावर जात, म्हणून त्यांना रस्तेही हवे होते. तेथें बाईच्या कारकीर्दींत रस्तेही अधिक सुधारले. राजस्थानांत रस्त्याचें मागणें पुरुषांचें होतें. तेथें बाईच्या पंचायतींत रस्ते कमी झाले, पाणी अधिक झालें. म्हणजे खुर्चीवर बसणारा बदलला कीं पैसा कोणत्या कामावर जातो तेंही बदलतें. दादांनो, यांत तुमचें नुकसान नाहीं. पाणी तुम्हीही पितां.

आतां कायद्यानें आपल्याला काय दिलें आहे तें पाहूं. महाराष्ट्रानें १९९० सालीं ग्रामपंचायतींत बायांना तीस टक्के जागा राखल्या. पुढें घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली आणि सगळ्या देशांत निदान एक-तृतीयांश जागा बायांच्या झाल्या. २०११ सालीं महाराष्ट्रानें त्या निम्म्या केल्या. सरपंचपदेंही त्यांत आलीं. शिवाय ग्रामसभेच्या आधीं महिलांची सभा घेतली पाहिजे, असें महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यांत आहे. आज आपण येथें बसलों आहों तें कोणाच्या मेहेरबानीनें नव्हें.

जल जीवन मिशनच्या नियमांतही गांवची पाणी समिती दहा ते पंधरा जणांची असावी आणि त्यांत निम्म्या बाया असाव्या, असें सांगितलें आहे. प्रत्येक गांवांत पांच जणींना पाणी तपासण्याचें शिक्षण द्यावें, असेंही आहे. गांवाच्या आंतील नळ-टांकीच्या खर्चाचा दहावा हिस्सा लोकांनीं पैशानें, सामानानें किंवा श्रमानें द्यावयाचा. डोंगराळ आणि रानांतल्या गांवांना, तसेंच जेथें निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जाति-जमातींची आहे तेथें, विसावा हिस्सा. एक नमुन्याचें गणित करूं. समजा, गांवांतील काम चाळीस लाखांचें आहे. दहावा हिस्सा चार लाख. घरें दोनशें असलीं तर घरटी दोन हजार. हे दोन हजार मडक्यांतून, कोंबड्या-अंड्यांतून, बचतगटांतून कोण काढणार? बाईच काढणार. श्रमाचा हिस्सा द्यावयाचा म्हटलें तर चर खणावयास कोण जाणार? दोघें जाणार. तर मग पैसा देणारी, श्रम देणारी, पाणी भरणारी बाई. आणि ठरविणारा मात्र एकटा पुरुष, हें कोणत्या न्यायाचें?

कायदा कागदावर चांगला असला तरी तो गांवांत येतां-येतां वाटेंत कोठें मुरतो, तेंही सांगितलें पाहिजे. तो तीन ठिकाणीं मुरतो.

पहिलें, खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा. सरपंच बाई घरीं भाकरी थापते आणि सरपंचांचे पती पंचायतींत बसून सह्या मागवितात. ह्या पद्धतीला कायद्याचा कसलाही आधार नाहीं. निवडून आली ती बाई. सभेचें अध्यक्षपद तिचें, सही तिची, आणि उद्यां चौकशी झाली तर जाबही तिलाच द्यावा लागतो. न वाचतां सही करणारी सरपंचबाई नवऱ्याच्या चुकीचें ओझें आपल्या डोक्यावर घेते. हंडा काय कमी होता?

दुसरें, ग्रामसभेची गणपूर्ति. सभेला गांवच्या मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांत जो आंकडा कमी असेल तितके लोक हजर पाहिजेत. न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हां गणपूर्तीची अट राहात नाहीं. मग पंधरा-वीस माणसें बसून सगळ्या गांवाचे ठराव करतात. म्हणून पहिल्याच सभेला शंभर जणांनीं जाऊन बसणें ही लहान गोष्ट नाहीं. चाळीस बाया गेल्या तरी सभेचा रंग पालटतो. सभेची वेळ स्वयंपाकाची असेल, तर वेळ बदलावी असा ठराव आजच्या सभेंतून पाठविला पाहिजे.

तिसरें, बायांतही सगळ्या बाया एक नाहींत. समितींत निम्म्या बाया घ्यावयाच्या म्हणून वाड्यांतल्या सासवा-सुना घातल्या, तर नळ पुन्हा वाड्यापाशींच थांबतो. गांवाबाहेरच्या वस्तीतली बाई, ऊंसतोडीला सहा महिने बाहेर असणारी बाई, विधवा, टाकलेली, रोजंदारीवर पोट भरणारी, अशा बायांचें नांव समितींत आहे का? टांकीचें पाणी आधीं कोणाला आणि शेवटीं कोणाला, हा प्रश्न आपल्या मुलखांत फार जुना आहे. जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हजारों लोकांसह ओंजळींत घेतलें, तें ह्याच प्रश्नावर. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला दाबानें पाणी येतें कीं नाहीं, ही योजनेची परीक्षा आहे. चावडीसमोरचा नळ सगळीकडेच चांगला वाहतो.

पुरुषमंडळींचे कांहीं आक्षेप असतात, त्यांनाही उत्तर देतें. एक म्हणणें असें, कीं आम्ही बायांना बोलावितों, पण त्या बोलतच नाहींत. दादा, जिला माहेरीं भावापुढें आणि सासरीं सासऱ्यापुढें बोलूं दिलें नाहीं, ती दोनशें पुरुषांपुढें एका दिवसांत कशी बोलेल? म्हणून तर आधीं बायांची सभा. येथें बोला, येथें ठराव लिहा, आणि तेथें एकीनें उठून तो वाचून दाखवा. वाचणारी एक असली तरी मागें बसलेल्या चाळीसजणी तिचा आवाज असतात.

दुसरें म्हणणें, बाई सभेला गेली तर घरचें काम कोण करील? हा आक्षेप खरा आहे. बाईला समितीचें काम द्यावयाचें आणि घरचें एकही काम कमी करावयाचें नाहीं, तर तिच्या डोक्यावर तिसरा हंडा चढला. सरकारचीं माणसेंही कधीं कधीं ‘बायांचा सहभाग’ म्हणतात आणि त्याचा अर्थ फुकट राबणूक असा करतात. टांकी धुवावयास बाया, वर्गणी गोळा करावयास बाया. आणि ज्या कामाला पगार आहे, पंप चालविण्याचें नि पाणी सोडण्याचें, तें कोणाच्या तरी पुतण्याला. हें मान्य करूं नका. काम बाईनें करावयाचें असेल तर त्याचा मोबदलाही बाईला पाहिजे. आणि सभेच्या दिवशीं चूल सांभाळणें पुरुषाला अशक्य नाहीं. भाकरी वांकडी झाली तरी खातां येते.

आतां बोलणें पुरे, कामाचें सांगतें. आपल्या गांवच्या पाणी-योजनेचा विषय येत्या ग्रामसभेपुढें आहे. त्यासाठीं आजच्या सभेनें पुढील गोष्टी ठरवाव्या अशी माझी सूचना आहे.

एक. विहीर आणि टांकी यांची जागा पक्की करण्याआधीं जुन्या-जाणत्या बायांना बरोबर घेऊन शिवारांतून फिरावें. कोणतें पाणी माघापर्यंत टिकतें, कोणतें वैशाखापर्यंत, तें त्या दाखवितील आणि तें नकाशावर लिहून घ्यावें. भूजलाची शास्त्रीय तपासणीही व्हावी. दोन्हींचा मेळ बसेल तेथें विहीर घ्यावी.

दोन. पाणी समितींत निम्म्या बाया असाव्या, आणि प्रत्येक वस्तीची एक तरी असावी. बँकेच्या खात्यावर सही करणाऱ्यांत एक बाई असावी, आणि तिनें पासबुक पाहिल्यावांचून सही करूं नये.

तीन. कामाचें अंदाजपत्रक पंचायतीच्या भिंतीवर मराठींत लावावें. लावलें नाहीं तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे; दहा रुपये भरून कोणाही नागरिकाला नक्कल मागतां येते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहींत. नळ किती जाड, चर किती खोल, सिमेंट किती पोतीं, तें त्यांत असतें. चर बुजविण्याआधीं गजानें खोली मोजावयास कोणी इंजिनियर लागत नाहीं.

चार. पाणी सोडण्याची वेळ शेतावर जाणाऱ्या बायांना सोयीची असावी. सकाळीं दहाला पाणी सोडलें तर मजुरीवर जाणाऱ्या घरीं कोण असतें? शाळेंतून काढलेली लेक.

पांच. पाणी तपासावयास शिकावयाच्या पांच जणींचीं नांवें आजच लिहूं. मी शाळेंत जागा देतें, संध्याकाळीं बसूं. ज्यांना अक्षरओळख नाहीं त्यांनीं अधिक यावें.

बायांनो, यांतलें एकही काम अवघड नाहीं. घरांत बारा माणसांचें पीठमीठ वर्षभर पुरविणारीला एका गांवाच्या टांकीचा हिशोब जड जावा असें मला वाटत नाहीं. ठराव लिहावयास वही आणली आहे. ज्यांना लिहितां येतें त्यांनीं सही करा. ज्यांना येत नाहीं त्यांनीं आज अंगठा द्या, पण पुढच्या सभेला सही करावयास शिकून या. ग्रामसभेला मात्र सगळ्याजणी या, आणि मागच्या भिंतीला टेकून न बसतां पुढें बसा.